नायट्रो ऑन-रोड आरसी गाडी घेताना : सांगलीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुपवाड एमआयडीसीत लेथवरची पाळी संपली की माझ्या हातात दुसरं इंजिन येतं, मुठीत मावणारं : सपाट रस्त्यावर रिमोटनं पळवायच्या (आरसी) नायट्रो गाडीचं. रविवारी सकाळी ते सुरू केलं की आवाजामागून माणसं येतात. कॉलेजची पोरं येतात, गॅरेजवाले येतात, कधी नातवाचं बोट धरून आजोबा येतात. प्रश्न ठरलेले असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून काढली.

आधी एक सांगतो. कुठं पळवणार आणि इंधन कुठून आणणार, हे दोन ठरलं की कोणती गाडी घ्यायची ते निम्मं ठरलेलं असतं. लोक उलटं करतात. मोबाइलवर व्हिडिओ बघून गाडी घेतात आणि मग रस्ता शोधत फिरतात. मीही तेच केलं होतं.

दादा, ही पेट्रोलवर चालते ना?

नाही. बाटलीत तीन गोष्टी असतात : मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल. तेल बहुतेक सिंथेटिक आणि थोडं एरंडेल. होय, लहानपणी नाक दाबून पाजायचे तेच, फक्त इंजिनासाठी शुद्ध केलेलं. धुराला जो गोडसर जळका वास येतो, तो त्याचा. इंजिन टू-स्ट्रोक, त्यामुळं वंगण इंधनातूनच मिळतं. ज्यांनी राजदूत किंवा आरएक्स १०० चालवली आहे त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

ठिणगी टाकणारा प्लग यात नसतो. ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनम असलेल्या तारेचं बारीक वेटोळं असतं. सुरू करताना सेल लावून ते लाल करायचं. इंजिनानं एकदा धरलं की सेल काढून घेतला तरी तार लालच राहते, कारण मिथेनॉलची वाफ प्लॅटिनमला लागली की तिथंच उष्णता तयार होते आणि प्रत्येक फेरीला ज्वलनाची भर पडते. पेट्रोलला हे जमत नाही. एकानं हट्टानं पेट्रोल घालून पाहिलं. गाडी सुरू झालीच नाही, वर सिलिकॉनची नळी फुगून सैल झाली.

पेट्रोलवर चालणाऱ्या आरसी गाड्या असतात, पण त्या १/५ मापाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या पाचव्या हिश्शाएवढ्या, खऱ्या स्पार्क प्लगवाल्या. तो वेगळा नाद आणि वेगळा खर्च.

बाटलीवर १६, २०, २५ टक्के लिहिलेलं असतं. कोणतं घ्यायचं?

तो नायट्रोमिथेनचा वाटा. हे रसायन जळायला लागणारा बराचसा ऑक्सिजन स्वतःबरोबरच घेऊन येतं. एक किलो पेट्रोल पूर्ण जाळायला १४.७ किलो हवा लागते, मिथेनॉलला ६.४ किलो आणि नायट्रोमिथेनला अवघी १.७ किलो. म्हणजे तेवढ्याच हवेत कितीतरी जास्त इंधन जाळता येतं, ताकद वाढते आणि टाकी भराभर रिकामी होते.

नवशिक्यानं १६ किंवा २० घ्यावं आणि त्यालाच चिकटून राहावं. टक्के बदलले की निडलची, म्हणजे इंधन कमी-जास्त करणाऱ्या स्क्रूची, सगळी जुळवाजुळव पुन्हा करावी लागते. युरोपात २०२१ पासून १६ टक्क्यांवरचं इंधन सामान्य ग्राहकाला परवान्याशिवाय विकत नाहीत, आणि तरी तिथली पोरं मजेत गाड्या पळवतात. ३० टक्क्यांचा हट्ट धरणाऱ्यांना मी एवढंच सांगतो.

सांगलीत इंधन मिळतं का?

मी तरी कधी इथल्या दुकानातून घेतलेलं नाही. पुण्या-मुंबईच्या हॉबी दुकानांतून येतं, तेही रस्त्यानं. ज्वलनशील द्रव पोस्टातून जात नाही, विमानानं साध्या पार्सलात जात नाही, आणि रेल्वेत बरोबर घेऊन बसणं हा गुन्हा आहे. मिरज जंक्शन हाताशी आहे म्हणून पिशवीतून दोन लिटर आणतो म्हणणाऱ्याला मी थेट वेड्यात काढतो. एसटीचंही तेच. स्वतःची गाडी घेऊन जाणारं कुणी असेल तर त्याला सांगायचं किंवा दुकानदार ज्या ट्रान्सपोर्टनं पाठवेल त्याची वाट बघायची.

म्हणून गाडीच्या आधी इंधनाची चौकशी करा. दुकानदाराला फोन करून विचारा : आत्ता माल आहे का, सांगलीला पाठवता का, किती दिवस लागतील. गोलगोल उत्तर आलं तर गाडीचे पैसे खिशातच राहू द्या. माझ्याकडं पहिली गाडी तीन महिने कपाटावर होती, टाकी कोरडी. पाहुणे तिला शोपीस समजायचे.

एका लिटरमध्ये काय होतं? १/१० गाडीची टाकी साधारण ७५ मिलीची. म्हणजे लिटरला तेरा टाक्या. एक टाकी पाच ते आठ मिनिटं चालते, तेव्हा तास-दीड तासाचा खेळ. त्यात नव्या इंजिनाच्या पहिल्या चार-पाच टाक्या रनिंग-इनमध्ये, म्हणजे ते सावकाश चालवून बसवण्यात, जातात.

घरी मिश्रण करायच्या फंदात पडू नका. मोजमाप चुकलं की इंजिन गेलं, आणि ती सर्वांत स्वस्तातली चूक ठरावी अशी ही रसायनं आहेत.

घरात ठेवायला धोका आहे का?

आहे, आणि इथं मी चेष्टा करत नाही. २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूनं शंभरावर माणसं गेली, ती मिथेनॉलमुळंच. थोडंसं पोटात गेलं तरी डोळे जातात, जास्त गेलं तर जीव. कातडीतूनही ते शरीरात शिरतं, तेव्हा हात इंधनात बुडवून काम करायचं नाही.

पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत हे इंधन कधीही ओतायचं नाही. आपल्याकडं घरातल्या निम्म्या वस्तू जुन्या बाटल्यांत भरून ठेवायची सवय असते, ती इथं मोडायची. रंगीत इंधन सरबतासारखं दिसतं. मूळ डबा, घट्ट झाकण, कुलपाचं कपाट, स्वयंपाकघर आणि देवघरापासून लांब. मिथेनॉलची ज्योत उन्हात जवळपास दिसत नाही, हात पोळल्यावर कळते. म्हणून इंधन भरताना आसपास कुणी विडी-सिगारेट ओढत नाही ना, हे बघायची मला सवयच लागली आहे.

डबा उघडा राहिला तर मिथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. जूनमध्ये अर्धा ठेवलेला डबा दिवाळीला उघडलात आणि इंजिन नीट चालेना, तर निडलला शिव्या देऊ नका.

चालवायची कुठं?

या एका प्रश्नावर सगळं अडतं.

ऑन-रोड गाडीचं पोट जमिनीपासून पाच-सहा मिलिमीटरवर असतं. रुपयाची तीन-चार नाणी एकावर एक ठेवून बघा, तेवढंच. आता तुमच्या दारातला रस्ता आठवा. डांबरातली उघडी खडी, केबलसाठी खणून बुजवलेला पट्टा, गळीत हंगामात ट्रॅक्टरमधून सांडलेलं पाचट. नव्या डांबरी रस्त्यावर सुद्धा पहिले काही आठवडे सुटी बारीक खडी असते आणि ती चाकं फिरवणाऱ्या बेल्टमध्ये किंवा गिअरमध्ये बरोबर जाऊन बसते.

शिवाय सार्वजनिक रस्त्यावर चालवायचीच नाही. दोन किलोची गाडी ताशी साठ किलोमीटरनं तीन सेकंदांत पन्नास मीटर जाते. समोरून दुधाची मोटरसायकल आली तर काय होईल, याचा विचार गाडी सुटल्यावर करून उपयोग नाही.

मग जागा कोणती? मी बरीच फिरून बघितली. शाळेच्या मैदानावर माती. बॅडमिंटनच्या कोर्टवर वळायलाच जागा नाही. एमआयडीसीत सुट्टीच्या दिवशी कारखान्यांची आवारं चांगली, पण मालकाची परवानगी हवी आणि वॉचमनला आधी चहा पाजावा लागतो. शेवटी जमलं ते मंगल कार्यालयाच्या पार्किंगमध्ये. काँक्रीटचा सपाट कोबा, चारी बाजूंनी भिंत, पन्नास-साठ मीटरची सरळ रेघ. मालक ओळखीचे निघाले. म्हणाले, लग्न नसेल तेव्हा या.

तेव्हापासून आमच्या घरातल्या दिनदर्शिकेत विवाहमुहूर्त बघणारा मी एकटाच आहे. मुहूर्त नसलेला रविवार म्हणजे आमचा रविवार. चातुर्मासात आवार मोकळं असतं, पण वर पाऊस. पितृपक्षात उघडीप मिळाली तर एखादी फेरी होते. खरा हंगाम पौषात : लग्नं नाहीत, हवा कोरडी, सकाळी गारवा. बाकीची मंडळी पौषात शुभकार्य टाळतात, आमचं तेव्हाच सुरू होतं.

एक नियम लक्षात ठेवा. दवाखाना, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवतीचा किमान शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असू शकतो. मिरजेत तर दोन दवाखान्यांच्या मध्ये तेवढी मोकळी जागा सापडणं अवघड. ही गाडी मिक्सरसारखी घरघरत नाही, करवतीसारखी किंचाळते. सकाळी आठच्या आधी सुरू करू नका, दुपारी एक ते चार तर मुळीच नको.

मग १/१० घेऊ की १/८?

जागा बघून. तीन प्रकार डोळ्यांसमोर ठेवा.

१/१० टूरिंग, म्हणजे दोनशे मिलिमीटर रुंदीची गाडी, हा ऑन-रोडचा सर्वांत माहितीतला प्रकार. काँक्रीटचा कोबा मिळाला असेल तर हीच घ्या. इंधन कमी पिते, सुटे भाग हलके, वळणावर बघत राहावं अशी.

१/८ ची खरी रेसिंग गाडी, फोमच्या टायरवर जमिनीला चिकटून जाणारी, ही ट्रॅकसाठी केलेली. सर्पंट, म्युगेन यांची नावं त्यात निघतात. तिला १२५ मिलीची टाकी, ३.५ सीसीचं इंजिन आणि गालिच्यासारखा रस्ता लागतो. सांगलीत ती घेणं म्हणजे उसाच्या फडात शर्यतीची सायकल. घेऊ नका.

तिसरा प्रकार लोकांना माहीत नसतो आणि माझ्या मते आपल्याकडं तोच सर्वांत कामाचा : १/८ जीटी. क्योशोची इन्फर्नो जीटी हे त्याचं ठळक उदाहरण. मूळ सांगाडा ऑफ-रोड बग्गीचा, त्यावर स्पोर्ट्‌स कारचं कवच आणि रबरी टायर. पोट जरा वर, चाकं धरणारे हात (आर्म) जाड, चाकांना बेल्टऐवजी शाफ्टची, म्हणजे दांड्याची, चाल. साध्या डांबरावरही ती तग धरते. तोटा असा की जड आहे, तापली की थांबायला लांब जाते, आणि जागा मोठी लागते. पार्किंग लहान असेल तर पुन्हा १/१० कडेच या.

बेल्ट की शाफ्ट?

धूळ असेल तर शाफ्ट. बेल्ट मऊ चालतो, हलका असतो, पण दातात एक खडा अडकला की दात जातात.

इंजिनावरचे १२, १५, १८, २१ हे आकडे कसले?

घनइंचाचे. १२ म्हणजे ०.१२ घनइंच, साधारण दोन सीसी. १५ म्हणजे अडीच, १८ म्हणजे तीनच्या आसपास, २१ म्हणजे साडेतीन सीसी. स्प्लेंडरचं इंजिन ९७ सीसीचं आणि त्याची कमाल ताकद आठ हजार फेऱ्यांना मिळते. हे दोन सीसीचं पिल्लू मिनिटाला तीस हजारांच्या पुढं फिरतं. त्यामुळं इथं सुताएवढी चूकही महागात पडते.

१/१० च्या रेसमध्ये १२ चं इंजिन असतं. स्वस्त तयार संचात १५ किंवा १८ देतात, कारण मोठा आकडा डब्यावर बरा दिसतो. नवशिक्याला त्यानं नुकसान नाही, उलट मोठं इंजिन कमी फेऱ्यांवरही ओढतं. पण १८ म्हणजे १२ पेक्षा चांगलं असा हिशेब करू नका. ओएस ही जपानची कंपनी १९३६ पासून लहान इंजिनं करते. त्यांचं १२ हे नाव नसलेल्या १८ पेक्षा जास्त वर्षं चालेल, यावर मी पैज लावीन.

रश्शीचा स्टार्टर चांगला की बॉक्स?

सुरुवातीला रश्शी. बॉक्स म्हणजे बॅटरीवरचं फिरतं चाक, त्यावर गाडी ठेवली की फ्लायव्हील फिरतं. सोय मोठी, पण वेगळा खर्च आणि वेगळी बॅटरी.

रश्शी ओढायची पद्धत मात्र शिका. वीतभर, फार तर फूटभर, झटक्यानं, आणि लगेच सोडायची. शेवटपर्यंत खेचली की तुटते. आणि ओढताना एकाएकी दगडासारखी अडली तर थांबा. सिलिंडरमध्ये इंधन साचलंय, द्रव दाबला जात नाही. माझ्या भाच्यानं अशा वेळी पाय रोवून ओढली आणि कॉनरॉड वाकवला. प्लग काढा, गाडी उलटी धरा, चार वेळा हळू ओढा, इंधन पिचकारीसारखं उडून जाईल. तोंड लांब ठेवा.

नवं इंजिन लगेच पळवलं तर काय होतं?

आयुष्य निम्मं होतं. कारण सांगतो, लेथवाल्याला हे आवडतं.

यातल्या बहुतेक इंजिनांत पिस्टनला रिंग नसते. ॲल्युमिनियमचा पिस्टन, तो जिच्यात वरखाली होतो ती पितळी बाही (स्लीव्ह), बाहीला आतून क्रोमचा मुलामा. बाही वरच्या टोकाला किंचित निमुळती असते, इतकी की डोळ्याला दिसत नाही. थंड असताना पिस्टन अगदी वर पोचतो तिथं घट्ट बसतो, फ्लायव्हील बोटानं फिरवलं तर तिथं अडखळतं. इंजिन तापलं की पितळ जास्त पसरतं आणि बसावं तेवढंच अंतर उरतं. म्हणजे ते गरम असतानाच नीट बसतं.

म्हणून पहिल्यांदा सुरू करायच्या आधी मी बायकोच्या हेअर ड्रायरनं इंजिनाचं डोकं पाच-सात मिनिटं तापवतो. त्यावरून घरात काय झालं ते या पानाचा विषय नाही. मग निडल जरा रिच, म्हणजे इंधन जरा जास्त, भरपूर धूर, पहिली टाकी उभ्या उभ्या किंवा सावकाश फेऱ्यांत. त्यानंतर दोन-दोन मिनिटं चालवायचं, पिस्टन खाली असताना थांबवायचं, गार होऊ द्यायचं, पुन्हा. चार-पाच टाक्यांनी इंजिन बसतं. पण अति रिच ठेवून गार चालवणंही वाईट, कारण मग ते त्या घट्ट जागेवर घासत राहतं. डोक्याचं तापमान नव्वदच्या पुढं राहायला हवं.

निडल, रिच, लीन... हे जमेल का मला?

जमेल, पण पहिले दोन महिने रडवेल. नायट्रो सोडणारी बहुतेक माणसं इथंच सोडतात.

कार्बोरेटरवर तीन स्क्रू असतात. मोठी निडल पूर्ण वेगाचं इंधन ठरवते, लहान निडल कमी वेगाचं, आणि तिसरा स्क्रू फक्त आयडलचा, म्हणजे गाडी उभी असतानाच्या चालीचा. निडल आत घातली, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवली, की इंधन कमी, याला लीन म्हणतात. बाहेर काढली की रिच. एकावेळी घड्याळातल्या एका तासाएवढंच फिरवायचं, बारा वाजल्याचे एक. मग दोन फेऱ्या मारून बघायचं. एकदम अर्धा वळसा फिरवणाऱ्याला त्याची गाडी पुन्हा कधी सापडत नाही.

आधी मोठी, नंतर लहान, शेवटी आयडल. हा क्रम उलटा करायचा नाही.

बघायचं काय? धूर. पूर्ण वेगात गाडीमागं निळसर पांढरी रेघ दिसली पाहिजे. रेघ नाही म्हणजे इंजिनाला इंधनही कमी आणि त्याबरोबर तेलही कमी. अशा वेळी गाडी अफाट पळते, माणूस खूश होतो, आणि दोन मिनिटांत इंजिन सीझ होतं. विझायच्या आधी दिवा मोठा होतो, तसंच. डोक्याचं तापमान १०० ते १२० अंश सेल्सिअसच्या दरम्यान ठेवा, प्लगच्या बुडाशी इन्फ्रारेड गन धरून बघा. गन नसेल तर डोक्यावर पाण्याचा थेंब टाका : दोन-तीन सेकंदांत चरचरून गेला तर ठीक, पडताक्षणी उडाला तर ताबडतोब थांबा.

लहान निडल बरोबर आहे का ते बघायला इंजिन आयडलवर चालू असताना इंधनाची नळी चिमटा. दोन-तीन सेकंदांत फेऱ्या किंचित वाढून ते बंद पडलं तर जमलं. बराच वेळ चालून मग चढत गेलं तर रिच, लगेच मेलं तर लीन.

जानेवारीत चांगली चालत होती, एप्रिलमध्ये बिघडली. का?

बिघडली नाही, हवा बदलली. थंड हवा दाट, तिच्यात ऑक्सिजन जास्त, म्हणून इंधन जास्त लागतं. उन्हाळ्यात हवा विरळ, तेव्हा निडल जराशी आत. उलट जूनमध्ये लावलेली निडल पौषातल्या सकाळी तशीच वापरली तर इंजिन लीन चालेल. हे जास्त धोक्याचं, म्हणून थंडीत आधी निडल घड्याळातल्या एका तासाएवढी रिच करूनच सुरू करा.

उंचीचंही तेच. सांगली समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, सातारा त्याहून वर आणि महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर. एकदा पाचगणीला नातेवाइकांकडं गाडी घेऊन गेलो तर ती खोकत होती, धुराचे लोट. निडल घड्याळातल्या दोन तासांएवढी लीन केली आणि सुधारली. परत खाली आल्यावर निडल पूर्ववत करायला विसरलो, तो प्लग अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. तार वितळून तिचा थेंब झालेला.

जुनी गाडी घेतली तर?

मी जुनीच घेतली. पण गाडी चालू करून दाखवली म्हणून घेऊ नका, सैल इंजिन तापल्यावरच बंद पडतं.

थंड इंजिनाचं फ्लायव्हील बोटानं फिरवा. वरच्या टोकाला अडखळायला हवं. लोण्यातून सुरी गेल्यासारखं फिरलं तर पिस्टन आणि बाही संपली. मग गाडी उलटी करा. चासीला ओरखडे असणारच, पण वाकलेली आहे का ते सपाट काचेवर ठेवून बघा. एलन स्क्रूंची डोकी गोल झालेली असतील तर आधीच्या मालकाचा हात कसा होता ते कळतं. चाकं धरून हलवा. क्लच बेल फिरवून बेअरिंगचा आवाज ऐका.

बेअरिंगचा आणखी एक मुद्दा, आपल्या गावापुरता. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात बुडालेलं बरंच सामान नंतर पुसूनपासून विकायला आलं. मला एकानं अशीच गाडी दाखवली होती, वरून लखलखीत. मागचं झाकण उघडलं तर क्रँकच्या बेअरिंगमध्ये गाळाची करडी रेघ. विचारल्यावर तो हसला फक्त. मी न घेताच परत आलो.

आणि शेवटची परीक्षा घरी बसूनच करायची : त्या मॉडेलचा पुढचा खालचा आर्म, क्लच शू आणि पिस्टन-बाहीचा संच आज भारतात कुणाकडं मिळतो का ते शोधा. पहिल्या महिन्यात तुटणारा भाग म्हणजे पुढचा आर्म. तो मिळत नसेल तर गाडी फुकट दिली तरी महाग. एचएसपीसारख्या चिनी गाड्यांना नाकं मुरडणारे बरेच आहेत. पण आर्म मिळत असेल तर तीच तुमच्यासाठी चांगली गाडी.

रेडिओ कोणता?

रेडिओ म्हणजे हातातला रिमोट. २.४ गिगाहर्ट्‌झचा, पिस्तुलासारखा, फेलसेफ असलेला. जुन्या २७ मेगाहर्ट्‌झच्या रेडिओसकट गाडी मिळत असेल तर रेडिओची किंमत शून्य धरून सौदा करा.

फेलसेफ म्हणजे?

रेडिओचा संपर्क तुटला की गाडीनं आपणहून ब्रेक लावायचा. इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी संपली तर ती उभी राहते. नायट्रोचं उलटं : गाडीतले सेल मेले तर थ्रॉटल-ब्रेक हलवणारी छोटी मोटर, म्हणजे सर्व्हो, जिथं आहे तिथं थांबतो, आणि इंजिन मात्र जोरात चालूच.

माझी अशीच सुटली. सेल दोन आठवड्यांचे होते, ‘एक टाकी निघेल’ म्हटलं. सरळ रेघेच्या मध्यावर ट्रिगर सोडला आणि काहीच झालं नाही. गाडी पूर्ण आवाजात कार्यालयाच्या तुळशीवृंदावनाच्या चौथऱ्यावर गेली. वृंदावनाला काही झालं नाही. माझे दोन्ही पुढचे आर्म, बंपर आणि एक चाक गेलं, आणि उलटी पडलेली गाडी किंचाळतच होती. वॉचमनमामा लांबून ओरडत होते, ‘आरं बंद कर तिला!’

बंद कशी करायची ते तेव्हापासून पाठ आहे : इंधनाची नळी चिमटायची, नाहीतर सायलेन्सरचं तोंड जाड फडक्यानं दाबायचं. बोटानं नाही. आणि कार्बोरेटर बंद ठेवणारी परतीची स्प्रिंग लावली नसेल तर आजच लावा. चार रुपयांची वस्तू आहे. माझ्या गाडीत ती नव्हती.

टायर फोमचे की रबराचे?

रबराचे. फोम पकड भारी देतो, पण आपल्या काँक्रीटवर खोडरबरासारखा झिजतो आणि शंकूसारखा होतो. मग तो तासून सारखा करावा लागतो. मी लेथला मँड्रेल धरून, पॉलिश पेपरनं तासतो. काळा बारीक भुसा सगळ्या अंगावर, नाकात सुद्धा. ज्याच्याकडं लेथ नाही त्यानं हे लचांड मागं लावून घेऊ नये.

काका, इलेक्ट्रिक का नको?

नको असं कोण म्हणालं? विचारणाऱ्या बहुतेकांना मी इलेक्ट्रिकच घ्या म्हणतो. ब्रशलेस मोटर आणि लायपो बॅटरीची गाडी याहून वेगानं सुटते, आवाज नाही, शेजारी भांडत नाहीत, इंधनाची वाट बघावी लागत नाही. खेळ संपल्यावर पुसून ठेवली की झालं.

नायट्रोला खेळ संपल्यावर अर्धा तास द्यावा लागतो. टाकीतलं सगळं इंधन जाळायचं, प्लग काढून आफ्टर-रन तेलाचे चार-पाच थेंब टाकायचे, कार्बोरेटरच्या तोंडातूनही दोन, मग रश्शी ओढून ते आत फिरवायचं. हे केलं नाही तर उरलेलं मिथेनॉल ओल धरतं आणि आठवड्यात बेअरिंग गंजतं. एअर फिल्टरचा स्पंज धुऊन, तेल लावून, पिळून परत बसवायचा. आपल्याकडची काळ्या रानाची बारीक धूळ कोरड्या फिल्टरमधून सरळ आत जाते.

एवढं वाचून कंटाळा आला असेल तर इलेक्ट्रिक. हात तेलकट करायला आवडत असतील, निडल पाव तास फिरवून आवाज एकदम स्वच्छ झाला की अंगावर काटा येत असेल, तर नायट्रो.

एकंदर खर्च किती?

माझी जुनी गाडी साडेअकरा हजारांना पडली. पहिल्या वर्षात तिच्यामागं जवळपास तेवढेच आणखी गेले : ग्लो इग्नायटर (प्लग लाल करायचा सेल), इंधन भरायची बाटली, प्लगचा पाना, चांगल्या एलन की, तापमानाची गन, आफ्टर-रन तेल, अर्धा डझन प्लग, आर्मचे तीन जोड आणि इंधन. गाडीला ठरवलेल्या पैशातले अर्धेच गाडीवर घाला. बाहेरून मागवत असाल तर कस्टमचा आकडा आधी विचारा, पार्सल दारात आल्यावर नाही.

मुलगा दहा वर्षांचा आहे, वाढदिवसाला देऊ का?

त्याच्या नावानं स्वतःला घेत असाल तर द्या. इंधन, गरम सायलेन्सर आणि रश्शी ही तिन्ही मोठ्या माणसाची कामं. पोराच्या हातात रेडिओ, तोही ट्रिगर अर्ध्यावर मर्यादित करून.

पण किती पळते ते सांगा की!

साधी तयार १/१० ताशी साठ-सत्तर किलोमीटर. रेसची १/८ शंभरच्या पुढं. आमच्या पार्किंगमध्ये दुसरा गिअर पडतो न पडतो तोवर भिंत येते.

एकदा येऊन बघता येईल का?

या की. मुहूर्त नसलेला रविवार बघा, नऊच्या सुमाराला. कानात घालायला कापूस आणा आणि पांढरा शर्ट घालून येऊ नका, एरंडेलाचे डाग निघत नाहीत. वॉचमनमामांनी विचारलं तर सांगा, तुळशीवाल्याकडं आलोय.